दर डिसेंबरला आजारी पडणारं बदक

गुरांच्या दवाखान्यात किस्से का साठतात, तर माणसांच्या दवाखान्यात पेशंट बोलतो. आमच्याकडे पेशंट गप्प, आणि सोबत आलेला बोलतो! वसईतल्या आमच्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो, म्हणजे मलमपट्टीवाला; वीस वर्षं हेच ऐकलं. म्हशींचं सांगायला बसलो तर जेवणाची वेळ टळेल, म्हणून आज फक्त बदकांचं सांगतो. त्यातही निम्मं एकाच बदकाचं आहे, त्याला माझा इलाज नाही.

*

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या डॉक्टर मॅडम सोलापूरकडून नव्याच बदलून आल्या होत्या. गाय, म्हैस, शेळी म्हटलं की डोळे मिटून तपासायच्या. पहिल्याच आठवड्यात सांडोरचे पास्कू अंकल बदक घेऊन आले. अंकलची तिकडे केळीची वाडी. बदकाचं नाव टीना.

मॅडमनी कोंबडी उचलावी तसे टीनाचे पाय धरले. अंकल ओरडलेच, "अहो, पाय नको! बदकाचे पाय लई नाजूक. अंगाखाली हात घाला, पंख दाबून धरा, बाळाला घेतात तसं!"

मॅडमनी तसं घेतलं. टीनाने ताबडतोब त्यांच्या नव्या साडीवर कार्यक्रम उरकला. मी फडकं शोधायला धावलो. मॅडम मात्र वाकून साडीकडे बघत होत्या.

"हिरवं नाही, पाण्यासारखं नाही, रक्त नाही. पोट उत्तम आहे! चला, अर्धी तपासणी तिनेच करून दिली."

अंकल त्या दिवसापासून मॅडमचे भक्त झाले.

*

विरारच्या फुलपाड्यातले एक सावंत होते. मुलीच्या हट्टापायी त्यांनी फ्लॅटमध्ये बदक पाळलेलं. ते घेऊन आले तेव्हा त्याचे डोळे चिकटलेले, नाकाशी फेस.

"पाणी कशात देता?" मॅडमनी विचारलं.

"बशीत."

"बशी नाही चालणार. डोकं बुडवायला मिळालं नाही तर बदकाचे डोळे-नाक साफ होत नाहीत. बादली ठेवा. पाणी रोज बदला."

सावंत मटकन बाकावर बसले. "मॅडम, आमच्या बिल्डिंगला तीन दिवसांनी टँकर येतो. आम्हीच बशीत आंघोळ करतो!"

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. बदकाचे डोळे लख्ख! पाण्याचं काय केलं विचारलं तर म्हणाले, "पहिली बादली बदकाची. त्याचं डुंबून झालं की त्याच पाण्याने संडास धुतो. मिसेस म्हणते, एवढा स्वच्छ कधीच नव्हता."

*

आगाशीच्या एक शिक्षिका बदक टॉवेलात गुंडाळून आल्या. पिसं मूठमूठ झडत होती. सासूबाईंनी दृष्टही काढली होती.

मॅडम म्हणाल्या, "आजार नाही हा. जुनी पिसं जातात, नवी येतात. पोटभर खायला घाला, महिन्याभरात बघा कशी दिसते."

बाई हिरमुसल्या. "म्हणजे काहीच झालं नाहीये?"

"काही नाही."

"अहो, पण मी रजा टाकून आलेय!"

*

आता टीनाचं. डिसेंबरात, नाताळ आठवड्यावर आलेला असताना अंकल तिला घेऊन आले. डाव्या पायाला हळदीचा लेप, वर चिंधी. "लंगडतेय हो!"

मॅडमनी तळवा बघितला, सांधे दाबून बघितले. काही नव्हतं. ताकदीचं औषध देऊन दोन दिवसांनी बोलावलं. दोन दिवसांनी चिंधी उजव्या पायाला!

मी म्हटलं, "अंकल, परवा डावा होता."

अंकल जरासुद्धा अडखळले नाहीत. "पसरलं असेल!"

*

पुढच्या वर्षी पुन्हा नाताळच्या तोंडावर अंकल हजर. या खेपेला यादी तयार होती: मान टाकते, झोपून असते, चार दिवस अन्नाला शिवलेली नाही. ते सांगत असताना टीना माझ्या डब्याशी पोचली आणि तिने अख्खी चपाती संपवली.

मॅडम म्हणाल्या, "खात नाही म्हणता ना?"

"घरचं खात नाही!"

मी मागच्या वर्षीचा केसपेपर काढून मॅडमपुढे ठेवला. तोच आठवडा. मॅडमनी चष्मा काढला. "अंकल, खरं बोला."

मग सगळं बाहेर आलं. अंकलच्या बायकोने, रोझी आंटीने, हे बदक बाजारातून आणलं होतं ते नाताळला कापायला. वाडीला पाणी लावताना ते अंकलच्या मागे मागे फिरायला लागलं, केळीच्या बुडाशी गोगलगायी वेचायला लागलं, अंकल खोकले की धावत यायला लागलं. "घरी मी कोणत्या तोंडाने सांगू? लोक हसतील, म्हातारा बदकासाठी रडतो म्हणून. पण आजाऱ्याला तर कोण कापत नाही ना?"

मॅडम म्हणाल्या, "सरकारी कागदावर मी खोटं लिहिणार नाही." अंकलचा चेहरा पडला. मॅडमनी कपाट उघडलं. "जंताचं औषध मात्र देता येईल. तसंही द्यायलाच हवं. ते दिलं की काही दिवस तिचं मांस खायचं नाही, हे मी लिहून देते."

तेव्हापासून दर डिसेंबरला जंताचं औषध, चिठ्ठी, आणि अंकलच्या घरी नाताळला कोंबडी.

*

चौथ्या वर्षी अंकल डिसेंबर उजाडताच आले. मी हसलो. "काय अंकल, यंदा ॲडव्हान्स?"

ते फक्त म्हणाले, "बघा ना हिला."

दारात दोन म्हशी होत्या. मी म्हटलं, "बसा, नंबर येईल." ते टीनाला मांडीवर घेऊन गुपचूप बसले. खोटं बोलायचे तेव्हा त्यांच्याकडे लक्षणांची यादी असायची, आज एक शब्द नव्हता. तिथेच मला कळायला हवं होतं. मला त्याची अजून लाज वाटते.

तेवढ्यात एक बाई तरातरा आत आल्या. हाताला तांदळाचं पीठ तसंच. रोझी आंटी! आम्ही त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

"नंबर लावून बसवलंय तिला? कालपासून अंडं नाही, शेपूट खाली टाकून कुंथतेय, सकाळी माझ्या हातचा भात खाल्ला नाही! मेल्यावर घेणार काय आत?"

मॅडम म्हैस सोडून धावल्या. टीनाचे डोळे अर्धे मिटलेले, श्वासागणिक शेपूट हलत होतं. पोटाखाली हात घालताच मॅडम म्हणाल्या, "अंडं अडकलंय. दाबायचं नाही, आत फुटलं तर ही जाईल. कोमट पाणी आणा!"

घमेल्यात पाणी, कॅल्शियमचं इंजेक्शन, खिडक्या बंद. आंटी जमिनीवर बसून पाण्यात टीनाला दोन्ही हातांनी धरून होत्या. अंकल भिंतीकडे तोंड करून रडत होते, आणि या वेळी कोण हसेल याची त्यांना फिकीर नव्हती. मी चार वेळा पाणी बदललं. दुपार कलली तेव्हा टीनाने अंग आवळलं आणि अंडं पाण्यात पडलं. थोड्या वेळाने तिने मान वर करून आंटीच्या कोपराजवळ वाळलेलं पीठ टोचायला सुरुवात केली.

मॅडमनी घाम पुसला. आंटी उठल्या, पदराला हात पुसले.

"डॉक्टर, ते नाताळचं जंताचं औषध यंदा देऊ नका. आधीच अशक्त झालीय."

अंकल भिंतीकडून वळले.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या वर्षापासून. चिंधी माझ्याच जुन्या साडीची होती ना!"

"मग बोलली का नाहीस?"

आंटीने टीनाला टॉवेलात घेतलं आणि दाराकडे निघाल्या.

"मी कोंबडी सांगून ठेवलेली असायची. पण तू एवढ्या मेहनतीने तिला आजारी पाडायचास, म्हटलं, होऊ दे."