आईचा कागद घेऊन औषधवाला निघून गेला तेव्हा

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरहून आई माझ्याकडे मदुराईला आली आहे. आज तिचे गुडघे फार दुखत होते म्हणून आम्ही दोघी औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं तिच्या चालू गोळ्यांचा कागद पाहिला, काढलेली दुखण्याची गोळी परत ठेवली आणि कागद घेऊन बाहेरच पडला.

“काहून देऊन नाही राहिला गं तो?” आईनं विचारलं.

मला वाटलं, परक्या बाया पाहून हा फसवून राहिला. मी ओरडतच त्याच्यामागे धावले.

तो शेजारच्या शिंपीणबाईंना घेऊन येत होता. त्यांनी हिंदीत समजावलं, “अम्मांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्यावर ही घेतली तर आतून रक्त वाहू शकतं. आधी डॉक्टरला विचारा, असं हे म्हणतात.”

आईनं हात जोडले. मला तमिळमध्ये माफीही मागता येईना.

खरं सांगा, सौंसरात कोणी असा कागद नेला असता, तर मी ओरडले असते का?