मापाडीकाकांची दोन मिनिटं

मेलेल्या माणसांचा आमच्या तालुक्यात एकच खरा वकील होता, आणि तो भेटायचा हास्यमहोत्सवात. मापाडीकाका आमच्या बाबांचे दोस्त, उंद्रीचे. सारी हयात बाजारात धान्य मोजण्यात गेली. माल ओला आहे, मातीचा आहे असं म्हणून व्यापारी वजनात तूट धरतात, तिला कडता म्हणतात. हा शब्द कानावर पडला की काका उतरवलेलं पोतं पुन्हा काट्यावर चढवायचे. पंगत उठत आली तरी मठ्ठ्याचा द्रोण काठोकाठ भरून घेतल्याशिवाय ते हलत नसत. नवरदेवाला आशीर्वाद देतानाही दोन्ही हात पूर्ण वर जायचे.

अशा माणसाला विनोदाचं वेड होतं, हे त्यांच्या रक्तदाबाचं दुर्दैव. तालुक्याच्या गावी हिवाळ्यात तीन दिवस महोत्सव भरतो. पत्रिकेवर वेळ पाचची. काका चारलाच सतरंजी घेऊन हजर. मग पाहुणे उशिरा येणार, माईक किंचाळणार, शाली आणि नारळ वाटले जाणार. एका वर्षी तर सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार झाला. काका सारं दातओठ खात सोसायचे आणि पहिल्याच चांगल्या विनोदाला असे हसायचे की पुढच्यांच्या हातातल्या शेंगा सांडायच्या. बायकोवरच्या शिळ्या विनोदाला मात्र मोठ्यानं जांभई. "घरी तिच्या हातचं खातो लेकाचा, अन् इथं तिलेच हसतो."

पण त्यांची ख्याती होती ती वेगळ्याच गोष्टीसाठी. वर्षभरात गेलेल्यांना श्रद्धांजली म्हणून सुरुवातीला दोन मिनिटं उभं राहायचं, अशी तिथली रीत. ती दोन मिनिटं कधी भरतच नाहीत. वीस सेकंदांत निवेदक "धन्यवाद, बसावे" म्हणतो आणि सारे बसतात. काका उभेच, नजर मनगटावरच्या घड्याळावर. मागून रसवंतीवाला दर वर्षी ओरडायचा, "बस ना बे बुढ्या, दिसून नाही राह्यलं!"

"काऊन बसू? दोन मिनिटं झाले काय? मेलेल्या माणसालेही कडता लावता काय बे?"

तोवर स्टेजवर विनोद सुरू झालेला असायचा आणि काका उभ्यानंच खदखदून हसायचे. "उभं राहाचं म्हणलं. हसाचं नाही, असं कोण म्हणलं?" वेळ भरली की "झालं माप," म्हणून खाली बसायचे.

एका वर्षी मंडप बांधताना एक मजूर विजेच्या धक्क्यानं मेला. दुसऱ्या दिवशी त्याच मंडपात महोत्सवाचं उद्घाटन झालं. श्रद्धांजलीत त्याचं नावही घेतलं नाही. "इतर ज्ञात-अज्ञात" या दोन शब्दांत त्याला गुंडाळलं. मी पेटलो. पत्रक लिहिलं, छापलं, पुढच्या दिवशी फाटकावर वाटलं. ज्यानं तुमच्या डोक्यावर सावली धरली, त्याचं नाव घ्यायला तुमची जीभ का जड होते, असं ठणकावून विचारलं. लोकांनी त्यात शेंगांची टरफलं गुंडाळली. काकांनी मात्र उभ्याउभ्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, नीट घडी घातली.

"झकास लिहिलं, लेका. पण काल वीस सेकंदांत तू काऊन बसला व्हता?"

आदल्या दिवशी त्या मजुरासाठी अख्ख्या मंडपात ते एकटेच दोन मिनिटं उभे होते, आणि त्या एकाच वर्षी उभ्यानं हसले नव्हते.

यंदा दिवाळीनंतर काका गेले. महोत्सवात तेही "इतर ज्ञात-अज्ञात" मध्ये निघाले. वीस सेकंद झाले. "बसावे." सारे बसले. माझे गुडघे सवयीनं वाकले, आणि तिथंच थांबले. मी उभा राहिलो. समोर विनोद सुरू झाला. चांगला होता, साऱ्या मंडपाबरोबर मीही हसलो, आणि हसता हसता समोरचं स्टेज धूसर झालं. आता मागून ओरडा येणार म्हणून मान ताठ करून ठेवली होती. ओरडा काही आला नाही. किती वेळ गेला कोण जाणे, घड्याळ बघायचं मी विसरलोच होतो.

मग मागून रसवंतीवाल्याचा आवाज आला, अगदी हळू.

"झालं माप. बस आता, बाबू."