आचऱ्याच्या अंगणातली अरुंधती

बाबांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला, त्यानंतरच्या मे महिन्यात डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली आणि आई लगेच म्हणाली, "आचऱ्याला जाऊया. माझ्या माहेरी." ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पुण्यात विज्ञान शिकवत होते आणि स्वतः आरसा घासून केलेली दुर्बीण सगळीकडे मिरवत होते. तिची नळी एसटीच्या टपावर चढवली, आरसा मांडीवर घेतला.

तेव्हा आधी कोल्हापूर, मग फोंडा घाट उतरून कणकवली, तिथून आचऱ्याची गाडी. आता रस्ते गुळगुळीत झालेत, पण घाटात गाडी लागत असेल तर आवळासुपारी जवळ ठेवाच. आणि तारे पाहायचे असतील तर अमावास्येच्या आसपास जा.

घाटात बाबांचा डोळा लागला, तेव्हा आई हळूच म्हणाली, "लग्नात यांनी बोट करून मला अरुंधती दाखवली. मला काहीच दिसलं नाही. भीतीनं 'दिसली' म्हटलं. न दिसणं अशुभ असतं गं. यांचं हे दुखणं त्यामुळंच तर नसेल?"

"ह्या काय हाडलंस गो चेडवा, तोफ?" दुर्बिणीची नळी बघून मामानं दारातच विचारलं. मामीनं बांगड्याचं तिखलं केलं होतं, बाबांसाठी वेगळं अळणी. पण जेवणाआधीच वीज गेली आणि माडांच्या वर सप्तर्षी लखलखले. अंगणात दुर्बीण लावून मी आईला बोलावलं.

"तीन दिसतायत," ती म्हणाली.

"जवळजवळचे दोन म्हणजे वसिष्ठ. लांबची ती अरुंधती."

वसिष्ठाच्या त्या दोघांतला प्रत्येक तारा पुन्हा जोडताराच आहे, फक्त दुर्बिणीतून वेगळा दिसत नाही, हेही सांगितलं. (अरुंधतीलाही जोडीदार आहे, हे पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. एकूण सहा.)

"म्हंजे थंय आख्खा कुटुंबच आसा मगे!" मामा म्हणाला. "आमी आपले दोघांकाच हात जोडतव."

आई मात्र डोळे पुसत होती. "अहो, दिसली मला. आज दिसली." मग तिनं बाबांना सगळं सांगून टाकलं.

बाबा म्हणाले, "अगं, त्या संध्याकाळी ढग होते. भटजी म्हणाले बोट करा, मी केलं."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तू 'दिसली' म्हणालीस! मला वाटलं, हिची नजर माझ्यापेक्षा चांगली."

दुसऱ्या दिवशी कुणकेश्वरच्या वाळूत आई रुसून बाबांच्या चार पावलं पुढे चालत होती. देवळात मात्र दोघं शेजारी उभी राहिली. देऊळ अगदी समुद्राला लागून आहे, चुकवू नका.

झटक्यानंतर आई बाबांशी फार जपून, हलक्या आवाजात बोलायची. पुण्याला घरात पाऊल टाकताच तिचा आवाज चढला, "पंखा चालूच ठेवून गेलात!" बाबांनीही तसंच खणखणीत उत्तर दिलं. मी सामानासकट दारातच थांबून ऐकत राहिले. फार बरं वाटलं.