हिरवं झालेलं अंगण

चिमूरला बसस्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. आमच्या संस्थेचे जंगलाचे नकाशे मी त्याच्याकडेच छापून घेतो. उपग्रहाच्या त्या चित्रांत झाडोरा दाट असेल तिथं हिरवं दिसतं, उघडी जमीन असेल तिथं तपकिरी. काहीही विचारलं की तो आधी म्हणतो, "थांबा सर, लोड होऊन राह्यलं." मग गमछ्यानं स्क्रीन पुसतो आणि माझं काम उघडण्याआधी स्क्रीनवरच्या चित्रात जंगलातल्या एकाच जागेवर जाऊन येतो. मला वाटायचं, नेटचा वेग बघत असेल.

यंदा दिवाळीनंतर आभाळ मोकळं झालं आणि नवी चित्रं आली. तो त्या जागेवर गेला आणि तिथंच थांबला. सगळं गर्द हिरवं होतं. सवयीनं मी म्हणालो, "छान भरलंय की जंगल."

"आमचं गाव होतं सर इथी. वाघासाठी उठवलं. घरं पाडली, तरी सारवलेली आंगणं अन् खळे तपकिरी दिसत. दरसाली थोडं थोडं कमी होऊन राह्यलं होतं."

अहवालात अशा जागेपुढे मी 'सुधारणा' असं लिहितो. ते पान दरवर्षी तोच टाइप करतो.

त्यानं हिरव्यावर बोट ठेवलं. "माह्या घरामागचा मोहा याच्यातच असन. कोणता, थे आता नाई समजत."

मग स्क्रीनवरचा बोटाचा डाग गमछ्यानं पुसला आणि विचारलं, "किती कॉपी काढू, सर?"