विधीसाठी लिहिलेली शिफारसपत्रं

विधी छाजेडसाठी मी तीन वर्षांत अकरा शिफारसपत्रं लिहिली. त्यातलं एकही खोटं नव्हतं, आणि एकाचाही उपयोग झाला नाही.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. विधी रोज दोंडाईच्याहून एसटीनं यायची. तिचे वडील सोहनलालभाऊ यांचं तिथे मिरचीचं दुकान आहे. तिच्या वह्यांनाही मिरचीचा खाट असायचा, बाजूच्या मुली शिंकून बेजार व्हायच्या. बीएच्या इंग्रजी स्पेशलला नऊ जण होते. बाकीचे आठ गाइड वाचून पास व्हायचे. विधी मूळ पुस्तक वाचायची आणि तेही फार हळू, एकेका पानावर अर्धा अर्धा तास.

एकदा मी एक कविता शिकवत होतो. नवरा गेल्यावर एक बाई घराचं दार लावून घेते, एवढंच तिच्यात होतं. अर्थ सांगून मी पुढे निघालो, तेवढ्यात विधीनं विचारलं, "सर, ती कडी आतून लावते की बाहेरून?"

कवितेत ते कुठेच नव्हतं. वीस वर्षं ती कविता शिकवूनही मला हा प्रश्न पडला नव्हता. तास संपल्यावरही आम्ही त्यावरच बोलत राहिलो. त्या दिवशी मी तिला म्हणालो, "तू एमए मोठ्या विद्यापीठात कर. इथे अडकू नकोस." हे आपण बोलायला नको होतं, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं.

तिचे वडील आडवे येतील असा माझा अंदाज होता. भाऊ स्वतः आठवी शिकलेले. पण त्यांनी मला एवढंच विचारलं, "तिथं जाऊन ही काय वाचेल?"

"कथा, कविता, नाटकं."

"मग वाचू द्या. दुकान सांभाळायला मी आहे."

मोठ्या विद्यापीठांसाठी देशभर एकच प्रवेशपरीक्षा असते. कॉम्प्युटरवर दीड तासात पंच्याहत्तर प्रश्न. कोणतं पुस्तक आधी आलं, कोणती संज्ञा कोणाची, जोड्या लावा. चुकलं तर गुण कापतात. केंद्र जळगावला होतं. भाऊ दुकान बंद करून तिच्याबरोबर गेले आणि बाहेर झाडाखाली बसून राहिले. दुसऱ्या दिवशी विधी मला म्हणाली, "सर, एक उतारा फार सुंदर होता." त्या उताऱ्यात ती रमली आणि शेवटचे अठ्ठावीस प्रश्न तिनं पाहिलेही नव्हते.

तीनशेपैकी एकशे बारा गुण पडले. तिला हव्या असलेल्या विद्यापीठाची यादी एकशे नव्वदच्या आसपास थांबली.

पुढच्या वर्षी तिनं पाठांतर केलं. सनावळ्यांचे कागद भिंतीला चिकटवले. एकशे एकवीस. खासगी विद्यापीठं गुणांसोबत निबंध आणि शिफारसपत्रंही मागतात; त्यातल्या एकानं मात्र तिचा निबंध वाचून तिला मुलाखतीला बोलावलं. तिथल्या बाई तिला म्हणाल्या, "तुमचा निबंध आम्ही तिघांनी दोनदा वाचला." महिन्यानं पत्र आलं, परीक्षेतले गुण किमान मर्यादेच्या खाली असल्यानं विचार करता येत नाही. ते पत्र तिनं मला दाखवलं तेव्हा ती रडली नाही. "निम्मं पत्र कौतुकाचंच आहे, सर," असं म्हणाली.

तिसऱ्या वर्षी ती घाबरून गेली होती. भराभर उत्तरं दिली, एकही प्रश्न सोडला नाही. चौऱ्याण्णव.

निकालानंतर ती कॉलेजात आली. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो.

"आता पत्रं लिहू नका, सर."

"घरी सांगितलंस?"

"पप्पांना म्हटलं, वेटिंगला नाव आहे."

"का गं?"

"ते जळगावला तीन वेळा केंद्राबाहेर बसून राहिले, सर. मला चौऱ्याण्णव म्हणता येईना."

पंधरा दिवसांनी सोहनलालभाऊच आले. हातात लाल तिखटाची पिशवी. खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाले, "सर, कॉलेजचं वेटिंग किती हलतं? रेल्वेत तर चाळीस असलं तरी चार्ट लागेपर्यंत सीट मिळते."

मी काहीतरी पुटपुटलो. मग मला राहवलं नाही.

"भाऊ, तिचं नाव यादीत नाही. वेटिंगलाही नाही."

त्यांनी तिखटाची पिशवी टेबलावर ठेवली. "मुलगी हुशार आहे ना?" त्यांनी विचारलं.

"माझ्या नोकरीत अशी दुसरी मुलगी आली नाही."

"मग परीक्षेला ते कसं दिसत नाही?"

मी तिला कविता वाचायला शिकवलं होतं, सव्वा मिनिटात प्रश्न संपवायला शिकवलं नव्हतं, आणि ते मलाही येत नव्हतं. उठताना भाऊ म्हणाले, "मला कळलं, हे तिला सांगू नका."

पुढचे दोन महिने त्या घरात काय चाललं ते विधीनंच मला नंतर सांगितलं. दर सोमवारी भाऊ विचारायचे, "हललं का?" ती म्हणायची, "थोडं." दुकानात नेहमी येणारे झिपरूआबा विचारायचे, "भाऊ, पोरनं काय व्हयनं?" भाऊही अहिराणीतच म्हणायचे, "वेटिंगमा शे," म्हणजे वेटिंगला आहे. ती आत बसून ऐकायची. वडिलांना सगळं ठाऊक आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

ऑगस्टच्या अखेरीस ती गल्ल्यापाशी जाऊन म्हणाली, "पप्पा, यादी बंद झाली."

भाऊ गिऱ्हाइकाला मिरची मोजून देत होते. काटा स्थिर होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "बरं. जेवून घे."

त्यांना आधीच माहीत होतं, हे तिला त्यांच्या आवाजावरून कळलं. त्यावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

विधीनं मग एमएला बाहेरून फॉर्म भरला. म्हणजे वर्ग नाही, शिक्षक नाही, नुसती परीक्षा. मागच्या उन्हाळ्यात त्या परीक्षेला माझी सुपरव्हिजन होती. तिच्या बाकाजवळून जाताना मी वाकून पाहिलं. एका कादंबरीवरचं उत्तर मुद्द्यांत लिहिलेलं, प्रत्येक मुद्द्याखाली रेघ, शब्द बाजारातल्या गाइडमधले. मला ते गाइड पाठ आहे, म्हणून लगेच ओळखू आले.

पेपर सुटल्यावर ती व्हरांड्यात भेटली.

"कसा गेला?"

"सगळं लिहून झालं, सर. वेळ उरला."

"मूळ कादंबरी वाचलीस?"

"नाही. गरज पडत नाही."

हे ती कुरकुरत म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती अगदी सहज बोलली. निकालात तिला प्रथम श्रेणी मिळाली. भाऊंनी पेढे पाठवले आणि मी ते स्टाफरूममध्ये वाटले.