खुरकुतीच्या दिवसांतला दवाखाना

आम्ही जनावरांचे डॉक्टर चहाला जमलो, की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला त्याचा आठवतो आणि चहा गार होतो! माझे बहुतेक किस्से डोंगरकडा गावच्या दवाखान्यातले, नव्वदच्या दशकातले.

तेव्हा लाळ्या-खुरकुतीची साथ होती. जनावराच्या तोंडात, खुरांत फोड. हा रोग माणसाच्या चपलेवरूनसुद्धा दुसऱ्या गोठ्यात जातो. म्हणून मी दारात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेलं पोतं टाकलं. तासाभरात गायब! शेजारच्या कौसाबाईंनी ते पिळून कुंपणावर वाळत घातलेलं.

“डॉक्टर, काहून एवढं वलं झालं हो? छप्पर गळते का?”

समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बाई स्वतःच दारात! तपासणीला आलेल्या आमच्या मोठ्या साहेबांनाही मागे फिरवलं, “पोत्यावरून या!”

*

ऐन उन्हाळ्यात दवाखान्याचा फ्रीज बंद पडला. लस तर गारच लागते. कोल्ड्रिंकवाल्या गफूरभाईंनी आपल्या फ्रीजचा एक कप्पा रिकामा करून दिला.

एक घामाघूम प्रवासी आला. “ती छोटी बाटली द्या.”

“वो बैलां की है, भाई!”

“घ्या! बैल थंडं पिऊन राहिले आन् आमी उन्हात?”

*

सुईने शेळीचं दूध आटतं, अशी धोंडाबाईंची खात्री. लसीकरणाला गेलो की शेळी गायब. एकदा घरातल्या वाकळेखालून ‘बें’ ऐकू आलं.

“सून हाय. खोकून राहिली.”

“मग सुनेलाच टोचतो,” म्हणत मी सिरिंज भरली.

बाईंनी हसत वाकळ ओढली. “टोचा बापा, शेळीलाच टोचा!”

शेळी काही आटली नाही. पुढच्या वर्षी अख्ख्या आळीच्या शेळ्या धोंडाबाईंनीच हाकत आणल्या!

*

आणि ही तांड्यावरची वरात. नवरदेवाच्या गावात खुरकूत, तांड्यावर एकही जनावर आजारी नाही. नवरीचे वडील रामजी माझ्याकडे आले. मी म्हणालो, “माणसं पाय धुऊन येऊ द्या. बैल मात्र शिवेबाहेरच.”

वरात शिवेवर आली. रामजींनी हात जोडून बैल सोडायला सांगितलं. नवरदेवाचे वडील भडकले.

“आमचे बैल अडवले म्हंजे आमाला अडवलं! गाडीत बसलेला नवरदेव पायी नेऊ व्हय? फिरवा गाड्या!”

मी रामजींच्या मागेच उभा होतो. माझ्या एका शब्दापायी लग्न मोडत होतं.

रामजींनी स्वतः बैल सोडले, जूसुद्धा सोड्याच्या पाण्याने धुतलं, चाकांवर बादल्या ओतल्या. मग डोक्यावरचा फेटा नीट केला आणि जू आपल्या खांद्यावर घेतलं. गाडी हलली, पण एका अंगाला वळायला लागली.

नवरदेवाचे वडील बघत राहिले. मग तणतणत बादलीत पाय बुडवले आणि दुसऱ्या बाजूने खांदा दिला.

“सरका व्याही! एकल्यानं वढल्यावर वाकडीच जाईल ना गाडी!”

वरून नवरदेव हळूच म्हणाला, “बा, मी उतरू का?”

दोघंही एकदम ओरडले, “बस गुमान!”