दोन सयाजी

सुरय्या मुल्लाणीला एकच गोष्ट दोनदा लिहिलेली खपत नाही. वाईत ती कॉम्प्युटर क्लास चालवते आणि नऊ वर्षांपासून आपल्या गावच्या फौजींची वेबसाइट सांभाळते, फुकट. पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांपासून आज सरहद्दीवर असलेल्यांपर्यंत साडेआठशे नोंदी. लोकांनी आपापल्या हातानं भरलेल्या, म्हणजे कोणी तीनदा आलेलं, कोणाचं भरतीचं साल चुकलेलं. बाई कातावून जायची.

यंदा सगळी माहिती नव्या सर्व्हरवर हलवायची होती. तिनं नियम घातला: नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एक असेल, तर माणूस एकच, नोंदी एकत्र करायच्या. एकशेबारा नोंदी गळाल्या आणि बाई खूश झाली. गावात आज्याचं नाव नातवाला ठेवतात, म्हणजे एक पिढी सोडून अख्खं नावच तेच येतं, हे काय तिला ठाऊक नव्हतं? तिच्या भावाचं दस्तगीर हे नावही आज्याचंच. पण कामाच्या भरात शहाणं माणूसही आंधळं होतं.

सयाजी ज्ञानू पवार एकाहत्तरच्या लढाईत गेले. त्यांचा नातू सयाजी ज्ञानू पवार सध्या बर्फात तैनात आहे. दोन्ही नोंदी एक होताना फोटो नातवाचा राहिला आणि त्याखाली आज्याचं 'शहीद'.

पोराच्या आईनं, विजयमालाबाईंनी, ते सकाळी पाहिलं. पोराचा फोन चार दिवस लागत नव्हता.

सुरय्याला कळलं तशी ती मिळेल त्या एसटीनं गावात आली. चूक आपली आहे, पोराला काही झालेलं नाही, असं तिनं परोपरीनं सांगितलं. विजयमालाबाईंनी मान डोलावली, पण हातातला फोन खाली ठेवला नाही. सुरय्या शेजारी बसून राहिली. तिला स्वतःचीच शरम वाटत होती. दुपारी तीनला फोन वाजला, पोराचा आवाज आला. बाई दोन मिनिटं बोलल्या, पण यातलं अवाक्षर काढलं नाही.

मग सुरय्यानं माफी मागितली.

"बारशाला सासूबाईंनी त्यांच्या मालकाचं नाव सांगितलं, तवा मी नगं म्हनले हुते," बाई म्हणाल्या. "माजं कुनी ऐकलं न्हाई. सत्तावीस वर्सं मी हेच बघत आलीया, पोरी. तू आज लिवलंस, एवढंच."